नेच्याच्या झाडाची पैज

शिरीषनं झावळीला नुसता हात लावला आणि ती बुडापासून सुटून त्याच्या हातात आली.

"आई, हे बघ."

"बघितलं. डोळे आहेत मला," मी म्हणाले.

दसऱ्याचा दुसरा दिवस होता. माझा मुलगा पुण्याहून आंबोलीला मला न्यायला आला होता, चार दिवसांसाठी नव्हे, कायमची. गाडीची डिकी रिकामी ठेवून आला होता तो. सकाळपासून त्याचं बोलणं एकाच गोष्टीभोवती फिरत होतं आणि माझं उत्तर एकच होतं, मी येणार नाही. शेवटी वैतागून तो अंगणात गेला आणि कुंपणाच्या कोपऱ्यातल्या नेच्याच्या झाडापाशी जाऊन उभा राहिला.

नेचा म्हणजे आपल्या विहिरीच्या ओल्या दगडांत उगवतो, तोच. पण हा त्यांच्यातला थोरला भाऊ. याला माडासारखं काळं खोड असतं आणि डोक्यावर झालरीसारख्या लांब झावळ्या. येणारेजाणारे पर्यटक याला बुटका माड समजून फोटो काढत. आमच्या ह्यांनी ते आणलं होतं. घाटात दरड कोसळली तेव्हा हे झाड मातीबरोबर रस्त्यावर येऊन पडलं होतं. ते ढिगाऱ्यात जाणार, एवढ्यात हे तिथं पोचले आणि कुणाचा तरी टेम्पो अडवून झाड घरी घेऊन आले. वनखात्यात कारकून होते हे. जन्मभर कागदांवर शिक्के मारले, पण हातानं जगवलेलं झाड म्हणजे हे एकच.

श्रावणात हे गेले. आणि आता दसऱ्याला झाडाच्या झावळ्या खाली लोंबत होत्या, टोकं करपून तांबडी झाली होती.

"बाबा होते तेव्हा कसं छत्रीसारखं होतं," शिरीष म्हणाला. "आई, रागावू नकोस. पण तुला एकटीला साधं एक झाड सांभाळता येत नाहीये. उद्या तुलाच काही झालं तर?"

असा संताप आला मला! चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून काढली मी. अर्ध्या पंचक्रोशीची पोरं माझ्या हातांवर जन्मली. आणि ज्याचे लंगोट मी बदलले, तो मला सांभाळण्याच्या गोष्टी सांगत होता.

"हे झाड मरत नाही," मी म्हणाले.

"मेलंच आहे ते."

"मग लाव पैज. झाड जगलं तर मी इथं राहणार, तू परत विषय काढायचा नाहीस. मेलं तर मुकाट्यानं तुझ्या गाडीत बसेन."

तो हसला. "शब्द?"

"शब्द."

"ठीक आहे. मार्गशीर्षात येतो," तो म्हणाला आणि हातातली झावळी कुंपणापलीकडं टाकून हात झटकले. जेवून दुपारी निघून गेला. त्याची गाडी वळणाआड गेल्यावर मी झाडाकडं पाहिलं. बोलून तर बसले होते, पण त्या झाडाला काय झालंय याचा मला काडीचा पत्ता नव्हता.

आधी वाटलं, पाणी कमी पडतंय. आंबोलीचा पाऊस थांबला की ऊन आणि वारा असे येतात की भिजलेली चादर तासाभरात कडक होते. म्हणून मी बुंध्याशी आळं केलं आणि बादल्यांवर बादल्या ओतल्या. माडाला घालतात तसं. मातीचा चिखल झाला, त्याला आंबूस वास यायला लागला, आणि झावळ्या होत्या तशाच लोंबत राहिल्या.

शेजारची रुक्मीण गावडे रोज कुंपणावरून हालहवाल विचारायची. माझ्याच वयाची, नवरा नसलेली, दोन म्हशी आणि तोंडाचा पट्टा एवढी तिची इस्टेट. मी मूळची आजऱ्याची, तिची मालवणी मला अजून नीट बोलता येत नाही. पण ती बोलायची आणि मी ऐकायची, त्यात आमचं भागायचं.

"सिस्टर, ह्या झाडाक दिष्ट लागली हा," ती म्हणाली. "सगळो गाव येता नि फोटो काढता."

"दृष्ट लागायला आता त्याच्यात राहिलंय काय?"

"मगे शेणाची राबडी घाला. वरसून, टकलेर."

आणि मी काही बोलायच्या आत ती बादली घेऊन आलीसुद्धा. झाडाच्या डोक्यावर, जिथून नवी पानं फुटतात तिथं ती शेणकाला ओतणार, तोच मी तिचा हात धरला. का धरला ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. पण तान्ह्या पोराच्या टाळूवर कुणी असलं काही ओतायला लागलं असतं तर मी असाच हात धरला असता.

"टाळू आहे ती," मी म्हणाले.

रुक्मीण फुरंगटून बादली घेऊन परत गेली. दोन दिवस बोलली नाही. म्हशींशी मात्र मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलत होती.

मी स्टूल आणून वर चढले आणि त्या टाळूत बोट घातलं. आत गुंडाळी झालेले नवे कोंब होते, केसाळ, तपकिरी, घट्ट मुठीसारखे. दाबून पाहिले. मऊ पडले नव्हते. म्हणजे रोगी जिवंत होता. मग आजार कुठं आहे?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काठी घेऊन ओढ्यावर गेले. घाटाच्या अंगाला एक ओढा आहे, तिथं ही झाडं आपसूक वाढतात. इतकी वर्षं मी तिथून ये-जा केली, पण कधी थांबून पाहिलं नव्हतं. पाहणार कधी? कुणाच्या तरी घरी कुणीतरी अडलेली असायची आणि मी धावत असायची.

त्या दिवशी मात्र मी दगडावर बसले आणि एकेक झाड तपासलं. सगळी मोठ्या झाडांच्या सावलीत होती. वाऱ्याला तोंड देऊन एकही नाही. आणि सगळ्यांची खोडं ओली. वरच्या कड्यावरून तुषार येत होते आणि खोडावरून थेंब थेंब निथळत होते. मी उठून एका खोडाला हात लावला. लाकूड नव्हतंच ते! बारीक काळ्या मुळांचा जाड थर होता, भिजलेल्या काथ्यासारखा. सबंध खोडाला मुळंच मुळं. म्हणजे हे झाड नुसतं पायानं पाणी पीत नाही, अंगभर पितं.

आणि मग मला आठवलं की दसऱ्याच्या आधी मी काय केलं होतं.

खात्याची सवय! ह्यांच्या वसाहतीत प्रत्येक झाडाच्या बुंध्याला खाली गेरू आणि वर चुन्याचा पट्टा असायचा. झेंडावंदन असो की साहेबाची भेट, आधी झाडं रंगवायची. इथं घर बांधल्यावरही ह्यांनी दर दसऱ्याला फणस रंगवला, आंबा रंगवला. नेचा तेवढा रंगवला नाही. मला वाटायचं, तिथवर येईतो चुना संपत असेल. यंदा हे नव्हते. मुलगा येणार, घर ओकंबोकं दिसायला नको, म्हणून मीच ब्रश घेतला आणि सगळी झाडं रंगवली. नेच्याला तर दोन हात दिले. चांगला दाट चुना, छातीपर्यंत. म्हटलं, इतकी वर्षं याच्यावर अन्याय झालाय.

त्याच्या नाकातोंडात चुना भरून मी त्याला पायाशी पाणी पाजत होते.

घरी आले ती पदर खोचूनच. कपडे धुवायचा मऊ ब्रश घेतला, कोमट पाणी घेतलं आणि चुना सोडवायला बसले. जोरानं घासायची सोय नव्हती, मुळं तुटली असती. जळलेल्या माणसाची जखम धुतात तसं धुवावं लागलं, पाणी ओतायचं, भिजू द्यायचं, हलकेच निघेल तेवढं काढायचं. कंबरेचे टाके ढिले झाले. रुक्मीण कुंपणाशी येऊन उभी राहिली, बघितलं न बघितल्यासारखं केलं, आणि मग तिला राहवेना.

"झाडाक न्हाणी घालतास?"

"बाळंतीण आहे," मी म्हणाले.

ती हसली आणि कुंपणाची कवाडी ढकलून आत आली. तिनं म्हशीच्या पेंडीची दोन रिकामी गोणपाटं आणली. ती भिजवून आम्ही खोडाला गुंडाळली, मी बँडेज बांधते तशी, खालून वर, सैल नाही आणि आवळून नाही. बुंध्यातला चिखल काढून टाकला आणि पालापाचोळा पसरला. करपलेल्या झावळ्या रुक्मीण कोयत्यानं छाटायला निघाली होती, पण ओढ्यावरच्या झाडांच्या वाळक्या झावळ्या मी गळ्याभोवती तशाच लोंबताना पाहिल्या होत्या, म्हणून राहू दिल्या. पश्चिमेचं ऊन अडवायला पडदा हवा होता. माझ्या नोकरीतल्या पांढऱ्या साड्या ट्रंकेत पडून होत्या. त्यातल्या दोन काढून बांबूला बांधल्या.

राहिलं पाणी. दिवसभर तिथं पंप घेऊन उभं राहणं माझ्यानं होणार नव्हतं. मग मी सावंतवाडीला जाऊन औषधाच्या दुकानातून सलाईनचे सेट आणले. बाटलीत झऱ्याचं पाणी भरलं, बाटली बांबूला उलटी टांगली, नळी गोणपाटाच्या वरच्या कडेला खोचली आणि चाकी फिरवून थेंब लावला. टप्. टप्. टप्. हात आपोआप मनगटावरच्या घड्याळाकडं गेला, थेंब मोजायला. किती दिवसांनी मला कुणाचं तरी काहीतरी करायला मिळालं होतं! मी तिथंच पायरीवर बसून चहा प्याले आणि खूप दिवसांनी तो मला गोड लागला.

त्यानंतर रोज सकाळी माझा राउंड सुरू झाला. गोणपाट चाचपायचं, बाटली भरायची, स्टुलावर चढून टाळू बघायची. झावळीच्या पाठीला खवल्यांसारखी कीड दिसली तर साबणाच्या पाण्यात कापूस बुडवून पुसून काढायची. मी झाडाशी बोलायला लागले होते. "काय हो, आज कसं वाटतंय? अंगावर घ्या जरा पाणी." ह्यांच्याशीसुद्धा मी इतकं बोलले नव्हते. हे कमी बोलायचे. घरात आवाज माझाच असायचा, आणि हे गेल्यावर तोही गेला. एकटीनं कुणाला रागवायचं? पंख्याला?

आमच्या घरात मोबाइलला रेंज नाही. ती त्या कोपऱ्यातच येते, झाडापाशी. रविवारी शिरीषचा फोन यायचा तेव्हा मी तिथं उभी राहून बोलायची.

"झाड कसं आहे?" तो पहिलंच विचारायचा.

"आहे. इतक्यात आशा सोडू नकोस."

"म्हणजे सुधारतंय?"

"पिवळेपणा थांबलाय."

"वा! छान छान," तो म्हणायचा. मला नवल वाटायचं. पैज हरायला लागलेल्या माणसाला एवढा आनंद? माझंच लेकरू, मनानं मोठं, असं म्हणून मी फोन ठेवायची. एकदा तर सूनबाईंनी फोन घेतला. रेवती गुणी आहे, पण माझ्याशी दोन वाक्यांच्या पुढं कधी जात नाही. त्या दिवशी म्हणाली, "आई, ते झाड जगेल ना हो नक्की? काही खत वगैरे पाठवू का?" तिनं खरंच पाठवलंसुद्धा, कुरियरनं, डबाभर. मी रुक्मिणीला तो डबा दाखवून आले. म्हटलं, बघ, किती जीव आहे माझ्या माणसांचा माझ्यावर.

कार्तिकात मला ताप भरला. साधाच, पण अंगातलं त्राण गेलं. रुक्मीण जत्रेला म्हणून बहिणीकडं गेली होती. शेजारचं घर बंद, खालच्या आळीतलं कुणी इकडं फिरकत नाही. दुपारभर मी पलंगावर पडून होते. घसा सुकला होता आणि पाण्याचा तांब्या स्वयंपाकघरात होता, उठले की भिंती फिरायच्या. खिडकीतून झाड दिसत होतं. पांढऱ्या साड्यांच्या पडद्यात, अंगाला बँडेज, शेजारी सलाईनची बाटली. खाशी सोय! झाडाला सलाईन होतं, आणि सिस्टरला घोटभर पाणी द्यायला कुणी नव्हतं. मी आधी हसले, आणि मग मला रडू आलं. ह्यांची इतकी आठवण आली की मी त्यांना हाक मारली. मोठ्यानं मारली. घरात माझा आवाज फिरून परत आला.

संध्याकाळी घाम फुटून ताप उतरला. भिंतीला धरून मी पाणी प्याले, पेज करून खाल्ली. पण त्या दुपारी पडल्या पडल्या मी मनाशी एक गोष्ट ठरवली होती. ती मी रुक्मिणीलासुद्धा सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी बाटली रिकामी होती. भरू की नको, असं मनात आलं, खोटं कशाला बोलू? नुसतं हात आखडून बसले असते तरी सगळं आपोआप झालं असतं. पण माझ्या हातून ते होईना. आयुष्यात कुठल्या रोग्याची बाटली मी रिकामी ठेवली नाही. भरली.

आणि मार्गशीर्षाच्या तोंडावर झाडानं मूठ उघडली. पहिला कोंब वर आला, बाळाच्या मुठीसारखा गुंडाळलेला, मग हळूहळू उलगडत गेला. त्याच्यामागून दुसरा, तिसरा. कोवळ्या पोपटी झावळ्या वाऱ्यावर डोलायला लागल्या. रुक्मीण गावभर सांगत सुटली की सिस्टरनं झाडाचं बाळंतपण केलं.

शिरीष आला तो शनिवारी सकाळी. फाटकातून आत आला आणि सरळ झाडापाशी गेला. मी पायरीवर उभी होते, नवी साडी नेसून.

"आई! जिंकलीस की गं!" तो ओरडला. परत येऊन त्यानं मला मिठी मारली, अगदी घट्ट. मग झाडाचे फोटो काढून रेवतीला पाठवले, रेंजसाठी तिथंच उभा राहून. मला त्याचा चेहरा दिसत होता. लहानपणी परीक्षेचा निकाल लागल्यावर दिसायचा, तसा.

मी आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची आमटी केली होती. तो पोटभर जेवला. "जरा आडवा होतो," म्हणून आतल्या खोलीकडं निघाला, तशी मी वाटेत आडवी आले.

"तिथं पसारा आहे. इथं बस ओटीवर. गप्पा मारू."

आम्ही ओटीवर बसलो. मी वाट बघत होते. आता म्हणेल, मग म्हणेल. आई, पैज राहू दे बाजूला, चल तू. एवढंच. मी थोडे आढेवेढे घेतले असते. माझा स्वभावच तसा आहे. आणि मग उठले असते.

"एकटी राहणं सोपं नाही रे," मीच म्हणाले शेवटी. "मध्ये ताप आला होता."

"मग फोन करायचा ना! मी सावंतवाडीच्या डॉक्टरांचा नंबर देऊन ठेवतो," तो म्हणाला. लगेच दिलासुद्धा. "पण तू खंबीर आहेस. मी रेवतीला म्हटलं, मेलेलं झाड उठवलं आईनं. आपल्याला काळजी करायचं कारणच नाही."

"आणि झाड मेलं असतं तर?"

तो हसला. "मग काय, आणलं असतं तुला. शब्द दिला होता ना." आणि मग अगदी सहज, पायातला बूट चढवता चढवता म्हणाला, "तशी जरा ओढाताण झाली असती. तुझ्यासाठी ठेवलेल्या खोलीत रेवतीनं दिवाळीपासून चित्रकलेचे वर्ग सुरू केलेत. मुलं खूप येतात. पण तू आली असतीस तर बंद केले असते हं आई, लगेच."

दिवाळीपासून! तेव्हा तर झाडाचा धड एक कोंबही वर आला नव्हता. म्हणजे झाड जगावं म्हणून मी एकटी धडपडत नव्हते. पुण्यात आणखी दोन माणसं देव पाण्यात घालून बसली होती.

"छे छे," मी म्हणाले. "बंद कशाला करायचे? चांगलं चाललंय तर."

"तुला वाईट नाही ना वाटलं?"

"मला? अरे, पैज जिंकलेय मी."

अंधाराच्या आत घाट ओलांडायचा म्हणून तो लवकर निघाला. वाकून पाया पडला. वाईट मुलगा नाही माझा, आजही म्हणेन. त्यानं मला कधी तोडून टाकलं नाही. त्याला फक्त सुटल्यासारखं वाटलं, आणि ते त्याच्या चालण्यात दिसत होतं. वळणावर त्यानं हॉर्न वाजवला आणि मी हात हलवला.

मग मी आतल्या खोलीचं दार उघडलं. पलंगावर माझी बॅग भरून तयार होती. वर ह्यांचा फोटो, टॉवेलमध्ये गुंडाळलेला. तापातल्या त्या दुपारी मी हेच ठरवलं होतं, की जायचं. पण हरून, झाड मारून जायचं नाही. ताठ मानेनं जिंकायचं, आणि मग मुलानं म्हटलं की हो म्हणायचं. किल्ली रुक्मिणीकडं द्यायची, तिला सलाईन लावायला शिकवायचं, इथवर सगळं मनात ठरलं होतं. त्यानं एकदा 'चल' म्हणायचं तेवढं राहिलं होतं.

मी पलंगाच्या कडेला बसले आणि एकेक साडी बाहेर काढायला लागले. एवढ्यात रुक्मीण हाका मारत आत आली. हातात खरवसाची वाटी होती, म्हैस व्याली होती तिची.

"झील गेलो? तुमका न्हेल्यान नाय मा? माझो जीव खाली पडलो बघा," ती म्हणाली. आणि मग तिला माझा चेहरा दिसला. वाटी खाली ठेवून ती घाईघाईनं जवळ आली.

"सिस्टर! रडतास कित्याक? झाड तर जगला!"

"जगलं म्हणूनच गं, रुक्मिणी," मी म्हणाले.